खडकी, दौंड आणि माणिकपूरच्या दोन खिडक्या

ज्यांना लोकलमध्ये कानात इअरफोन घालून ऐकायला जमत नाही, वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर इथे देतेय. बोलताना शंभर वेळा आलेलं "म्हणजे बघा" तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय तसा घरगुती आहे. दोन राउटर एकमेकांना बिनतारी जोडायचे, मध्ये वायर टाकायची नाही. याला वायरलेस ब्रिज म्हणतात, आपण पूल म्हणू. पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, त्यामुळे राउटरपासून सुरुवात करून आपण शंभर वर्षं मागे, पुणे जिल्ह्यात जाणार आहोत.

साठ मीटरची अडचण

जुलै २०२०. आम्ही माणिकपूरला राहतो, वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला. ज्यांनी हा भाग पाहिलाय त्यांना माहीत असेल, इथे चार मजली बिल्डिंगच्या शेजारी अजूनही एखादा जुना बंगला उभा असतो, विहीर, माड आणि मागची थोडीशी वाडी सांभाळत. आमच्या खिडकीसमोर असाच एक बंगला आहे. त्याच्या पलीकडच्या बिल्डिंगमध्ये माझी मावशी राहते. अंतर असेल साठ मीटर. माझ्या खिडकीतून मावशीच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो.

मावसबहीण तेव्हा नुकतीच दहावीत गेली होती. शाळा मोबाईलवर. पावसाच्या सुरुवातीला मावशीकडची इंटरनेटची केबल कुठेतरी तुटली आणि सोसायटीत बाहेरच्या माणसाला प्रवेश बंद, त्यामुळे जोडायला कोणी येईना. मोबाईलचा रोजचा डेटा सकाळच्या दोन तासांतच संपायचा. मग ती वही घेऊन जिन्यात बसायची, कारण जिन्यात शेजाऱ्यांचं वाय-फाय अर्धवट पकडायचं. मावशी मला फोनवर म्हणाली, "अगं, तुझ्याकडे तर चांगलं चालतंय ना? एखादी वायर टाकता येईल का गं इकडे?"

वायर टाकायची म्हणजे बंगल्याच्या माडांवरून. ते शक्य नव्हतं. पण माझ्या कपाटात एक जुना राउटर पडून होता.

कल्पना सोपी आहे. माझ्या घरातला राउटर इंटरनेटच्या लाइनला जोडलेला. दुसरा मावशीच्या खिडकीत. त्याला लाइन नाही, त्याने फक्त माझ्या राउटरचा सिग्नल पकडायचा आणि तिच्या घरात पुढे द्यायचा. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये "ब्रिज" नावाचा पर्याय होता. तो चालू केला, माझ्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड टाकला, आणि मास्क लावून मावशीच्या दारात डबा ठेवून आले.

दहा मिनिटांत दोन्ही घरांचं नेट बंद पडलं.

पहिली चूक: दोन वॉचमन

चूक माझीच होती. प्रत्येक राउटर घरातल्या मोबाईल-लॅपटॉपना एकेक पत्ता वाटतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. एका सोसायटीत दोन वॉचमन दोन वेगळ्या वह्या घेऊन पार्किंगचे नंबर वाटायला लागले तर काय होईल? एकाच जागेवर दोन गाड्या. माझे दोन राउटर तेच करत होते, वर दोघांचा स्वतःचा पत्ताही सारखाच, १९२.१६८.१.१.

उपाय असा. दुसऱ्या राउटरचा पत्ता बदलून शेवटी १ ऐवजी २ करायचा. त्याचं डीएचसीपी बंद करायचं, म्हणजे वॉचमन एकच. आणि पहिल्या राउटरचं चॅनल "ऑटो"वर न ठेवता कायमचं एक ठरवायचं, नाहीतर तो रात्री गुपचूप चॅनल बदलतो आणि पूल तुटतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच धरतात, १, ६ आणि ११. यातलं ज्यावर गर्दी कमी ते घ्यायचं.

आता पत्ते जुळले होते, पण सिग्नल येऊन-जाऊन होता. मी दोन्ही राउटरचे अँटेना वाकवून एकमेकांकडे रोखले, बोट दाखवतात तसे. सिग्नल आणखीच पडला. आणि इथे मला खडकी आठवली.

खडकीचा झोत

पुण्याजवळची खडकी आपल्याला माहिती आहे ती दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे. पण १९२७ साली तिथे आणखी एक गोष्ट सुरू झाली. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये बिनतारी तारसेवा. पाठवायचं केंद्र खडकीला आणि ऐकायचं केंद्र दौंडला.

त्याआधी मुंबईहून लंडनला तार जायची ती समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून. ही केबल १८७० साली आली. बिनतारी संदेश तेव्हा माहीत होते, पण मार्कोनी आणि इतर मंडळी लांब लहरी वापरत होती. त्यासाठी प्रचंड वीज लागायची, कारण लहरी चारी दिशांना पसरायच्या. लंडनला पाठवलेला संदेश हिंदी महासागरातल्या माशांनाही तितक्याच जोरात जायचा, म्हणा ना.

मार्कोनी कंपनीतल्या सी. एस. फ्रँकलिन या इंजिनिअरने वेगळी रचना केली. लहरी आखूड घ्यायच्या, उंच खांबांवर तारांचा एक पडदा टांगायचा आणि त्याच्या मागे तारांचाच दुसरा पडदा, आरशासारखा. म्हणजे लहर मागे न जाता पुढेच जाते. बॅटरीच्या दिव्यामागे चकचकीत वाटी असते ना, तोच विचार. याला बीम म्हणायचे, म्हणजे झोत. कमी विजेत, जास्त वेगाने संदेश थेट इंग्लंडच्या दिशेला. समुद्री केबलच्या कंपन्यांना या स्पर्धेचा एवढा धसका बसला की १९२९ मध्ये केबलवाले आणि बिनतारीवाले यांची मिळून एकच कंपनी करावी लागली.

आता माझ्या खिडकीत या. घरगुती राउटरचा काठीसारखा अँटेना झोत टाकत नाही. त्याचा सिग्नल मेदूवड्याच्या आकारात पसरतो आणि काठी असते वड्याच्या भोकात. म्हणजे काठीच्या कडांनी सगळीकडे सिग्नल, टोकाच्या दिशेला जवळजवळ नाही. मी नेमकी टोकं मावशीकडे रोखली होती! दोन्हीकडचे अँटेना सरळ उभे केले, राउटर फ्रीजच्या मागून काढून खिडकीच्या कट्ट्यावर आणला, आणि दोन रेघा होत्या तिथे चार झाल्या.

दिसणं आणि सिग्नल जाणं यातही फरक आहे. मला मावशीचा दिवा दिसत होता, म्हणून मला वाटलं वाट मोकळी आहे. पण रेडिओलहरीला दोऱ्याएवढी नाही, फुगलेल्या दुधी भोपळ्याएवढी जागा लागते. साठ मीटरच्या पुलाला २.४ गिगाहर्ट्झवर मध्यभागी सुमारे १.४ मीटर त्रिज्येचा मोकळा पट्टा हवा. आमच्या मध्यभागी माडाची झावळी होती. पाऊस स्वतः या लहरींना फारसा अडवत नाही, पण भिजलेली पानं पाणी धरून बसतात आणि सिग्नल खातात. म्हणून सरी थांबल्या तरी अर्धा तास मावशीकडचं नेट रडत असायचं. राउटर एक खिडकी डावीकडे सरकवला तेव्हा झावळी बाजूला राहिली.

दौंड कशाला हवं होतं?

आता मला खरोखर आवडलेली गोष्ट. खडकीहून पाठवायचं आणि ऐकायचं दौंडला, हे कशासाठी? दोन्ही गावांमध्ये पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर अंतर आहे. एकाच माळावर दोन्ही केंद्रं बांधली असती तर खर्च वाचला नसता का?

वाचला असता, पण ऐकू काही आलं नसतं. इंग्लंडहून येणारा सिग्नल इथे पोचेपर्यंत अगदी बारीक झालेला असतो. शेजारीच आपला स्वतःचा ट्रान्समीटर गर्जत असेल तर तो बारीक आवाज बुडून जातो. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर कुजबुज ऐकायचा प्रयत्न करा. म्हणून बोलणारा एका गावात, ऐकणारा दुसऱ्या गावात. इंग्लंडमध्येही तसंच, पाठवायचं केंद्र ग्रिम्स्बीजवळ आणि ऐकायचं स्केग्नेसजवळ.

माझा जुना राउटर म्हणजे खडकी आणि दौंड एकाच डब्यात. त्याच्याकडे रेडिओ एकच होता. तो माझ्याकडून डेटा घेत असताना मावसबहिणीच्या टॅबला काही देऊ शकत नव्हता, आणि टॅबला देताना माझं ऐकू शकत नव्हता. प्रत्येक गोष्ट त्याच चॅनलवर दोनदा हवेत जायची, म्हणून वेग साधारण निम्मा. "तुझ्याकडे पन्नास आणि माझ्याकडे वीस-बावीस कसं गं?" असं मावशी विचारायची, त्याचं उत्तर हे.

यावर दोन तोडगे आहेत. राउटर दोन पट्ट्यांचा असेल तर पूल ५ गिगाहर्ट्झवर बांधायचा आणि घरात २.४ वर वाटायचं. तसा नसेल तर दुसऱ्या राउटरपासून पुढे वायर लावायची. मी माझा जुना लॅपटॉप मावशीकडे दिला आणि दीड मीटरची लॅन केबल. गणिताचा तास अडकायचा थांबला.

हवा कोणाची?

आता एक प्रश्न जो मला तेव्हा सुचलाही नाही. मी दोन बिल्डिंगच्या मध्ये रेडिओ लिंक उभी केली. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. माझ्या आजोबांच्या काळात हे शक्य होतं का?

नव्हतं. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा. पाठवायचं यंत्र सोडा, गाणी ऐकायच्या रेडिओलाही परवाना लागायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याचे पैसे भरल्याचं ते सांगतील.

आणि या कायद्याला मुंबईत उघड आव्हान दिलं गेलं ते १९४२ मध्ये. ऑगस्टमध्ये गोवालिया टँकवर "छोडो भारत"ची हाक दिली गेली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पोलीस सिग्नलचा माग काढत यायचे म्हणून केंद्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत राहावं लागायचं. जेमतेम तीन महिने ते चाललं. नोव्हेंबर १९४२ मध्ये छापा पडला, आणि उषाताई १९४६ पर्यंत तुरुंगात होत्या. हवेतून बोलण्याची किंमत ही होती.

स्वातंत्र्यानंतर सरकार आपलं झालं, कायदा तोच राहिला. हवेचे सगळे पट्टे सरकारच्या ताब्यात. तिकडे अमेरिकेने १९८५ मध्ये काही पट्टे सगळ्यांसाठी खुले केले. मायक्रोवेव्ह ओव्हन वगैरे यंत्रांमुळे आधीच गोंगाट असलेले, कोणाला फारसे नको असलेले पट्टे. त्याच भंगार जागेवर पुढे वाय-फाय उभं राहिलं, १९९७ मध्ये त्याचं ८०२.११ हे पहिलं मानक आलं.

आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवान्यातून सूट मिळाली, घराबाहेरच्या वापरासकट. अटी होत्या: ट्रान्समीटरची शक्ती एक वॅटपर्यंत, अँटेनाची उंची छताच्या वर पाच मीटरपर्यंत. शिवाय, कोणाला त्रास द्यायचा नाही आणि शेजाऱ्याच्या राउटरचा त्रास झाला तर तक्रारही करायची नाही. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग बाहेरच्या वापरासाठी मोकळा व्हायला २०१८ उजाडलं. माझ्या आणि मावशीच्या खिडकीतला पूल कायदेशीर होता तो या दोन-चार पानांच्या नियमांमुळे. (हवा मोकळी असली तरी लाइन कंपनीची असते. दुसऱ्या घरात द्यायच्या आधी तुमच्या प्लॅनच्या अटी वाचा.)

स्वस्त डबा, लांबचा पूल

परवानगी मिळाली तरी यंत्र हवं. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर आला. त्यात लिनक्स वापरलंय हे लोकांनी ओळखलं, आणि लिनक्सच्या परवान्याच्या अटीमुळे कंपनीला त्याचा कोड २००३ मध्ये खुला करावा लागला. मग जगभरच्या हौशी मंडळींनी त्या घरगुती डब्याकडून महागड्या यंत्रांची कामं करून घ्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांच्या गटाने दोन डोंगरांमध्ये अशाच राउटरनी ३८२ किलोमीटरचा पूल बांधला. डबे तेच, फक्त अँटेना मोठे आणि नीट रोखलेले. फ्रँकलिनचा झोत पुन्हा.

लांबच्या पुलाची अडचण वेगळीच असते. वाय-फायमध्ये प्रत्येक तुकडा पोचला की समोरून "मिळालं" असा निरोप येतो. घरातल्या अंतरासाठी वाट बघायचा वेळ ठरलेला असतो. अंतर वाढलं की "मिळालं" उशिरा येतं, तोवर पाठवणाऱ्याला वाटतं हरवलं आणि तो पुन्हा पाठवतो. आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या डिजिटल गँजेटिक प्लेन्स प्रकल्पात भास्करन रामन आणि सहकाऱ्यांनी गावं जोडताना यावर काम केलं, बोलण्या-ऐकण्याच्या पाळ्या आधीच ठरवून. रामन पुढे आयआयटी मुंबईत आले.

आणि तुमच्यापैकी ज्यांना "दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर जोडले जात नाहीत" हा अनुभव आलाय, त्यांच्यासाठी कारण. साध्या मोबाईलशी बोलताना वाय-फायच्या पाकिटावर तीन पत्ते पुरतात. पुलावर चार लागतात: मूळ कोणाकडून, शेवटी कोणाला, आणि मधले दोन राउटर. चार पत्त्यांची जागा मानकात पहिल्यापासून आहे, पण पूल बांधताना ती वापरायची कशी, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. म्हणून जमलं तर दोन्ही राउटर एकाच कंपनीचे घ्या.

आपल्याच जिल्ह्यातला पूल

माझ्या पुलाला मी हुशारी समजत होते. मग पालघर तालुक्यातल्या खामलोलीबद्दल वाचलं.

खामलोली गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंबईपासून फार लांब नाही, पण इंटरनेटच्या हिशेबात बरंच लांब. आयआयटी मुंबईतल्या अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यांमधून इंटरनेट पोचवण्याची चाचणी केली, भारतातली अशी पहिली. कल्पना अशी की ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये टीव्हीची १५ चॅनल बसतात, पण आपल्याकडे अँटेनाने टीव्ही दाखवणारं एकटं दूरदर्शन. त्यांच्या अभ्यासात देशात जवळजवळ सगळीकडे १५ पैकी किमान १२ चॅनल मोकळी निघाली. या लहरी लांब, झाडांमधून बऱ्या जातात. माझ्या माडाच्या झावळीशी भांडलेल्या माणसाला याचं मोल कळेल.

पुढे हाच प्रयत्न "ग्राममार्ग" नावाने पालघर जिल्ह्यातल्या पंचवीस गावांपर्यंत गेला, ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय पुलांनी. सरकारची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते, तिथून पाड्यापर्यंतचा टप्पा कोणी जोडायचा, हा त्यांचा प्रश्न होता. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत ग्राममार्गला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यांची आणि माझी अडचण एकच होती: इकडे लाइन आहे, तिकडे नाही, मध्ये झाडं आहेत. फरक असा की मावशीकडची तुटलेली केबल आज ना उद्या जोडली जाणारच होती. पाड्याकडे मुळात केबलच आलेली नव्हती. २०२० मध्ये सिग्नल शोधत टेकडीवर चढून बसणाऱ्या मुलांचे फोटो आपण सगळ्यांनी बघितले. मी त्या फोटोंना लाइक करत होते आणि त्याच वेळी माझ्या कपाटात एक चालू राउटर धूळ खात पडला होता. एक राउटर टेकडीपर्यंत पोचला नसता, हे खरंच. पण जिन्यात बसलेली मुलगी साठ मीटरवर होती, तरी ती मला मावशीने फोन करेपर्यंत दिसली नाही. हे मला अजून खटकतं.

पुढे काय झालं

मावसबहिणीने वर्षभर त्या पुलावरून अभ्यास केला. आणि एप्रिल २०२१ मध्ये राज्याची दहावीची परीक्षाच रद्द झाली. ती दोन दिवस रडली. "एवढं केलं, ते कशासाठी?" म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकाल निम्मा नववीच्या गुणांवर आणि निम्मा दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावर लागला, म्हणजे वर्षभर जे तास तिला मिळाले आणि ज्या चाचण्या ती देऊ शकली, त्यावरही. ज्यांना ते मिळाले नाहीत त्यांचं काय झालं असेल, हा विचार तिनेच नंतर बोलून दाखवला.

मावशीकडे आता तिची स्वतःची लाइन आहे. मी राउटर परत आणायला गेले तर मावशी म्हणाली, "असू दे गं, खिडकीत काय खातोय तो!" मागच्या पावसाळ्यात आमची लाइन दोन दिवस बंद होती. तेव्हा वायर दुसऱ्या टोकाला लावली, डीएचसीपी तिकडे चालू आणि इकडे बंद केलं, आणि त्याच पुलावरून नेट उलट्या दिशेने आमच्याकडे आलं.

तुमच्या घरी जुना राउटर पडून असेल तर आधी खिडकीतून बाहेर बघा, मग कपाट उघडा. आणि पोस्टात रेडिओच्या परवान्याचे पैसे भरलेलं कोणी घरात असेल, तर त्यांची आठवण रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात वापरू.